मालमत्ता सल्लागार पेढी (खानदेश)

शेतजमीन, प्लॉट, घर किंवा दुकान यांच्या व्यवहारात घेणार आणि देणार यांची गाठ घालून देणारी, मालकीचे कागद तपासणारी, भावाची बोलणी जमवणारी आणि दस्त नोंदवून सातबाऱ्यावर नवे नाव लागेपर्यंत सोबत राहणारी व्यावसायिक पेढी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात बोलताना तिला कुणी पेढी म्हणत नाही. ‘जमिनीचं काम करणारे’, ‘इस्टेटवाले’ किंवा सरळ ‘दलाल’ म्हणतात. दलाल या शब्दाला लोकांच्या तोंडी कमीपणा चिकटला आहे आणि त्याला कारणेही घडली आहेत. पण दोन-तीन पिढ्या एकाच तालुक्यात टिकलेल्या पेढीचे काम गाठ घालून देण्यापेक्षा बरेच मोठे असते. कोणता सौदा करू नये हे गिऱ्हाइकाला वेळेत सांगणे हा त्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग. तिची पारख त्यावरूनच करावी.

या कामाची गरज कागदांच्या थरांतून निर्माण झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे शेतांची मोजणी करून सारा ठरवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा १८५२ मध्ये सावदा-एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली आणि फेरफार नोंदी, म्हणजे हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, लिहिल्या जाऊ लागल्या. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. आजचा नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे नंदुरबारच्या एखाद्या वावराचा माग काढताना जुन्या कागदावर पश्चिम खानदेश, मधल्या कागदावर धुळे आणि ताज्या उताऱ्यावर नंदुरबार अशी जिल्ह्याची तीन नावे लागतात. त्यात जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजोबांच्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आणि नातवाच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर एकाच जमिनीचे आहेत हे जुळवून दाखवणे, हे जुन्या पेढीचे रोजचे काम. एकत्रीकरणात क्षेत्र कमीजास्त झाल्याची किंवा शेजाऱ्याशी नंबरांची अदलाबदल झाल्याची प्रकरणे आजही निघतात.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. वरच्या भागात भोगवटादार, क्षेत्र, आकार आणि ‘इतर हक्क’. खालच्या भागात पीकपाहणी. नवखा माणूस नाव आणि क्षेत्र पाहतो. जाणकार आधी ‘इतर हक्का’चा रकाना वाचतो, कारण विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, न्यायालयाचा मनाई आदेश हे सगळे तिथे असते. मग भूधारणा पद्धत. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर विक्रीला सहसा आडकाठी नसते. ‘वर्ग २’ असेल तर जमीन इनाम-वतनाची, शासनाने दिलेली किंवा पुनर्वसनाची असू शकते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतर अडते. त्यानंतर उताऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक घेऊन एकेक नोंद मागे मागे वाचत जायचे. साधारण ३० वर्षांचा शोध घेण्याचा प्रघात आहे. चांगल्या पेढ्या तिथे थांबत नाहीत. कुळकायद्याची नोंद लागेपर्यंत मागे जातात. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कुळकायद्याच्या कलम ३२ ग खाली कुळाने द्यायची किंमत ठरली का, ती भरल्याचे ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले का, विक्रीवर बंधन घालणाऱ्या कलम ४३ ची अट निघाली का, ही प्रश्नावली मुखोद्गत असल्याशिवाय खानदेशात शेतजमिनीचे काम करता येत नाही. घेणारा स्वतः शेतकरी आहे का, हाही प्रश्न त्यातलाच. कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून घेणाऱ्याच्या घरचा सातबारा किंवा आठ अ (खातेउतारा) आधी मागितला जातो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज अनेक कुटुंबांना महाग पडला आहे. सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही. त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसा यांतून. उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचे नाव असले म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची होत नाही. एकत्र कुटुंबाचा पुढारी, म्हणजे ‘एकुमॅ’ म्हणून त्याचे नाव लागलेले असते आणि ती तीन अक्षरे पुढच्या एखाद्या फेरफारात गळून पडलेली असतात.

वारसांचा प्रश्न त्यामुळेच सर्वांत नाजूक. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तोवर लग्न न झालेल्या मुलींना आणि केंद्राने २००५ च्या दुरुस्तीने सर्वच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान वाटा दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही ‘बहिणींच्या सह्या घेऊ नंतर’ हे वाक्य सौद्याच्या बैठकीत हमखास येते. खानदेशात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. शेतीचे सालही इथेच फिरते आणि सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचा, नवा करार होतो. घरातली सगळी माणसे एकत्र आलेली असल्याने हक्कसोडीची बोलणीही या दिवसांत निघतात. जबाबदार सल्लागार बहिणीशी स्वतः बोलतो, तिच्या वाट्याची आजची किंमत तिला सांगतो आणि मगच सही घेतो. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. तलाठ्यासमोर दिलेला जबाब किंवा स्टॅम्पपेपरवरची संमती पुरेशी नाही. माहेर तुटू नये म्हणून मुकाट्याने केलेली सही कायद्यात टिकेलही, पण ती घडवून आणण्यात मध्यस्थाने वाटेकरी होऊ नये.

कागद नीट असला तरी वावराची किंमत पाण्यावर ठरते. ‘पानी शे का?’ (पाणी आहे का?) हा अहिराणी प्रश्न भावाच्या आधी येतो. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात बोअरची खोली दरवर्षी वाढते आहे. तिथे नुसते ‘बागायत’ लिहिलेले पुरत नाही. विहिरीत हिस्सा किती, पाण्याची पाळी कशी, वीजजोडणी कुणाच्या नावावर, पाइपलाइन कुणाच्या बांधाखालून येते, हे सगळे खरेदीखतात लिहून घ्यावे लागते. ते राहून गेले की पहिल्या उन्हाळ्यातच शेजाऱ्याशी भांडण उभे राहते. वाटेचेही तसेच. नकाशात रस्ता नसला आणि वहिवाटीची गाडीवाट शेजारच्या बांधावरून जात असली तर तहसीलदाराकडे जाण्याची वेळ येते: नवी वाट हवी असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली.

धुळे-साक्री भागात पांझरा आणि तिच्या सोबतच्या नद्यांवर फड पद्धती आहे. ती शतकानुशतके चालत आलेली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, त्याखालची जमीन फडांत विभागलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, दरसाल पाळीपाळीने. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, पाटाची दुरुस्ती सगळ्यांची. फडातली जमीन घेणारा माणूस पाण्याबरोबर ही शिस्तही विकत घेतो. त्याला मनाला येईल ते पीक लावता येत नाही. ही गोष्ट सातबाऱ्यावर दिसत नाही. ती गावातल्या चार म्हाताऱ्यांना आणि जुन्या पेढीला माहीत असते.

सातपुड्याच्या पायथ्याला सगळे नियम बदलतात. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. पण महसूल संहितेचे कलम ३६ अ क्षेत्र न पाहता राज्यभर लागू आहे: आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. हा नियम हवेतून आला नाही. सावकारी कर्ज, कोरे अंगठे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची फसवणूक यांतून भिल्ल कुटुंबांच्या जमिनी गेल्या; शहाद्यात १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या लढ्याचा तोच गाभा होता. १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद झाली. आजही वाट काढू पाहणारे भेटतात: नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा, दुसऱ्या आदिवासीच्या नावावर खरेदी, कुलमुखत्यारपत्र. अशा गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवणे हेच योग्य. त्यात कायद्याची भीती आहेच, पण ज्यांच्याकडून एकदा जमीन गेली त्यांच्याकडून पुन्हा न घेण्याची साधी माणुसकीही आहे.

सौदा ठरला की सौदापावती किंवा इसारपावती होते. मग साठेखत, मग खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे साठेखताने मालकी मिळत नाही, फक्त खरेदी मागण्याचा हक्क मिळतो. इसार देऊन वर्षानुवर्षे निर्धास्त बसलेल्यांना हा फरक उशिरा कळतो. इसारापूर्वी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणे हा चांगला रिवाज आहे. मोजणीही इसारापूर्वीच झालेली बरी. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत उताऱ्यावरच्या २ हेक्टरांपैकी जागेवर १० आर कमी भरले, तर भावाची बोलणी पुन्हा करता येते. खरेदीनंतर ते जवळपास १० गुंठे कायमचे गेले असे समजावे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १,०८९ चौरस फूट. दोन्ही जवळपास सारखे, पण एकच नव्हेत, आणि मोठ्या क्षेत्रात हा फरक बांधावर दिसतो. तुकड्याचा प्रश्नही याच टप्प्यावर तपासायचा. २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्याहून लहान तुकडा सहजासहजी नोंदवता येत नाही.

दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी द्यावा लागतो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी मूल्यदराची, किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागते. किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीने घेण्याचा मोह जुना आहे. घेणारा पुढे विकायला निघतो तेव्हा तो त्याच्याच अंगावर येतो, कारण नफा कागदावरच्या किमतीपासून मोजला जातो. या नफ्यावरच्या करासाठी जमीन ग्रामीण की नागरी हे शहराच्या हद्दीपासूनच्या सरळ अंतरावर ठरते. जळगाव आणि धुळे ही एक ते दहा लाख लोकसंख्येची शहरे असल्याने तिथे ही मर्यादा ६ किलोमीटर आहे, आणि ती रस्त्याने मोजायची नसते.

शहरांतले काम वेगळ्या वळणाचे आहे. धुळ्याच्या जुन्या नंबरवार गल्ल्यांत आणि जळगावच्या पेठांत सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) असते. वाडा एक, हिस्से अनेक, खाली जुना भाडेकरू. महामार्गालगतच्या प्लॉटांत बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि खुली जागा पाहावी लागते. सुरत-नागपूर महामार्ग रुंद झाल्यापासून या पट्ट्यात गुंठेवारीने प्लॉट पाडणाऱ्यांचे पेव फुटले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांत विक्री करून देणाऱ्या एजंटाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची झाली आणि २०२३ मध्ये प्रशिक्षण व परीक्षाही आली. शेतजमिनीच्या मध्यस्थाला मात्र असा कोणताही परवाना लागत नाही. सर्वाधिक गुंतागुंतीचे कागद ज्या व्यवहारात असतात तिथेच कुणीही उठून दलाली करू शकतो, ही उणीव सरकारने भरून काढायला हवी.

दलाली दोन्ही बाजूंकडून शेकड्याने घेण्याची रीत आहे, सहसा एक किंवा दोन टक्के, आणि ती खरेदीच्या दिवशी द्यायची. सौदा मोडला तर बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. चुकीचा सौदा थांबवणाऱ्याच्या पदरी त्यामुळे काही पडत नाही, आणि पुरा करणाऱ्याला पूर्ण दलाली मिळते. काही पेढ्यांनी यावर उपाय म्हणून कागद तपासणीची वेगळी, ठरावीक फी घ्यायला सुरुवात केली आहे; सौदा होवो न होवो, ती फी घ्यायची. गिऱ्हाइकाने ती आनंदाने द्यावी.

खरेदीनंतरचा टप्पा लोक विसरतात. नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, म्हणजे सूची क्रमांक २, हाती आली म्हणजे काम संपले असे वाटते. नोंद फेरफार वहीत चढते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी १५ दिवस जातात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते, नाही आली तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हल्ली हे सारे संगणकावर दिसते आणि डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, ही खरोखरच मोठी सोय झाली. जुनी पेढी तरी एक काम माणसांसमक्षच करते. ताब्याच्या दिवशी देणार, घेणार आणि चारी बाजूंचे शेजारी यांना वावरात बोलावून, पूर्वेच्या दगडापासून सुरुवात करून, बांधाबांधाने चतुःसीमा चालत दाखवायची.