मालकी हक्काचा शोध

जमीन, प्लॉट किंवा फ्लॅट घेण्यापूर्वी विकणाऱ्याला तो विकण्याचा हक्क आहे का, त्यावर दुसऱ्या कोणाचा बोजा, वाटा किंवा ताबा आहे का, हे कागदांवरून आणि जागेवर जाऊन तपासण्याची प्रक्रिया. बोलण्यात याला ‘सर्च काढणे’ किंवा ‘टायटल बघणे’ म्हणतात. ही नोंद महाराष्ट्रातील पद्धतीविषयी आहे. भाड्याच्या घरापुरते ते शेवटी पाहू.

शोधाची गरज कायद्याच्या रचनेतूनच येते. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची होत नाही. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, सह्या, अंगठे व ओळखपत्रे पाहतो, पण लिहून देणारा खरोखर मालक आहे का याचा निवाडा तो करत नाही. सातबाऱ्यावरील नावाचेही तसेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणजे ती खोडून काढता येते. ‘रजिस्टर झालंय, सातबाऱ्याला नावही लागलंय’ यावर विसंबलेला खरेदीदार त्यामुळेच फसतो.

सातबारा व फेरफार. विकणाऱ्याने दिलेली प्रत वा पीडीएफ ग्राह्य धरू नये. डिजिटल सहीचा उतारा स्वतः काढावा. सातबाऱ्याच्या वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, मालकाच्या नावाआधी दोन जागा पाहायच्या : भूधारणा पद्धती आणि ‘इतर हक्क’. भोगवटादार वर्ग १ असेल तर हस्तांतरण साधारणपणे मोकळे असते. वर्ग २ असेल तर जमीन वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा नवीन शर्तीने दिलेली असू शकते, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय केलेली विक्री पुढे रद्द होऊ शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर संहितेच्या कलम ३६-अ खालील मंजुरी लागते. ‘इतर हक्कां’त गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा इकरार (कर्जापोटी जमिनीवर बोजा मान्य करणारे पत्र), बँकेचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाची मनाई असे सगळे सापडते. जुन्या उताऱ्यांवर कमी झालेली नोंद कंसात दाखवत, नव्या नमुन्यात तिच्यावर आडवी रेघ असते. उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ (हक्कबदलाची अजून मंजूर न झालेली नोंद) दिसला तर तो काय आहे ते कळेपर्यंत थांबावे.

उतारा आजची स्थिती सांगतो, तर ती कशी आली हे फेरफारांतून कळते. उताऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढून मागे मागे जात राहावे. खरे घबाड वारस नोंदीत असते. वडील वारल्यावर केवळ मुलांची नावे लागली आणि बहिणींची राहिली, असे शेकडो फेरफार सापडतात. बहिणींनी हक्क सोडला असे सांगितले तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे. साध्या मुद्रांकावरचे नोटरी केलेले संमतिपत्र पुरत नाही. नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता लिहिले असेल तर ते लक्षात घ्यावे. अज्ञान मुलाची स्वतंत्र स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीविना विकली, तर तो सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहाराला आव्हान देऊ शकतो.

सूची क्रमांक दोन. दुय्यम निबंधकाकडील या सूचीत लिहून देणार, लिहून घेणार, मोबदला, क्षेत्र, दस्त केल्याची तारीख व नोंदणीची तारीख असते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईचे १९८५ पासूनचे व उर्वरित राज्याचे २००२ पासूनचे दस्त पाहता येतात. त्याआधीचे कार्यालयात बसून शोधावे लागतात. वकील तीस वर्षांचा शोध घेतात, कारण गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदतही तीस वर्षांची आहे. शोध फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे क्रमांक. एकाच जमिनीला जुना सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतरचा गट नंबर आणि गावठाण वाढल्यावरचा सिटी सर्व्हे नंबर असू शकतो. त्यातला एकच टाकून शोधले तर बाकीचे दस्त दिसत नाहीत. मोठ्या शहरांत सह दुय्यम निबंधकांची अनेक कार्यालये असतात आणि दस्त त्यांपैकी कोठेही झालेला असू शकतो, म्हणून सगळी पाहावी लागतात.

स्वच्छ शोध अहवालातही एक भोक राहते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांपर्यंत नोंदवता येतो. कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो, नोंदणीच्या नव्हे. समजा मालकाने ५ जूनला एकाला खरेदीखत सही करून दिले आणि २० जूनला तीच मिळकत तुम्हाला विकून तुमचा दस्त त्याच दिवशी नोंदवला. पहिल्याने आपला दस्त सप्टेंबरात नोंदवला तरी तो ५ जूनपासून लागू होतो आणि तुमच्या हाती कागद उरतो. हे भोक शोधाने बुजत नाही. मूळ दस्त ताब्यात घेणे, वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन चौदा-पंधरा दिवस हरकतींची वाट पाहणे आणि सही, पैसे व नोंदणी एकाच दिवशी उरकणे एवढेच हाती राहते. नोटीस त्या गावात खरोखर वाचल्या जाणाऱ्या दैनिकात हवी. कोणी वाचत नाही असे पत्र निवडण्यात विक्रेत्याचाच फायदा असतो.

ताबा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार मिळकत प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला आहे, असे धरले जाते. त्याला विचारले नव्हते, हा बचाव चालत नाही. म्हणून जागेवर जायचे, तेही विक्रेत्याशिवाय एकदा. बांधाशेजारच्यांना विचारायचे, मोजणीची ‘क’ प्रत (सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) जागेशी ताडून पाहायची. दोन-तीन गुंठ्यांच्या ‘सामायिक सातबारा’वाल्या प्लॉटमध्ये दहा-अकरा नावे एकाच उताऱ्यावर येतात. मिळतो तो अविभक्त हिस्सा. नकाशावर दाखवलेला ठरावीक तुकडा कागदोपत्री कोणाचाच नसतो.

फ्लॅट. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या नव्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. पण महारेरा क्रमांक हा बांधकाम परवानगीचा पुरावा नव्हे. कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रात बनावट परवानग्यांच्या आधारे महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये पुढे आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांतले अनेक रहिवासी गृहकर्जाचे हप्ते भरत होते, म्हणजे बँकेची छाननीही पुरली नव्हती. प्रारंभ प्रमाणपत्राचा (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीचा) व मंजूर नकाशाचा क्रमांक घेऊन नगररचना विभागात जाऊन पडताळावा. प्रारंभ प्रमाणपत्र कितव्या मजल्यापर्यंत आहे, हेही वाचावे. विक्री करार नोंदवण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

जुन्या फ्लॅटसाठी बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतची करारांची अखंड साखळी, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. मधला एखादा करार ‘हरवला’ असेल तर तो बँकेत गहाण असण्याची शक्यता आधी तपासावी. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना १ एप्रिल २०१३ पासून तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते आणि ती सूचीत दिसते. त्याआधीची कर्जे दिसतीलच असे नाही.

कुलमुखत्यार. मालक परदेशी किंवा वृद्ध आणि समोर मुखत्यार, ही तोतयेगिरीची आवडती मांडणी. मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट आहे का आणि देणारा हयात आहे का, हे पाहावे. तो वारल्यावर मुखत्यारपत्र सहसा संपते. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि पैसे त्याच्याच खात्यात भरावेत. नुसत्या मुखत्यारपत्रावर, साठेखतावर (पुढे विकण्याच्या करारावर) वा मृत्युपत्रावर केलेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

फसवणूक झालीच तर पोलीस गुन्हा नोंदवतात, पण नोंदलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा. त्या दाव्याची मुदत साधारणतः फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे. दरम्यान तलाठ्याकडे फेरफाराच्या नोटिशीच्या पंधरा दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, म्हणजे फेरफार लगेच मंजूर न होता तक्रारी प्रकरण म्हणून सुनावणीला जातो.

भाड्याचे घर. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. नोंदणी घरबसल्या आधार पडताळणीने होते, आणि तेथे मालकालाही अंगठा द्यावा लागत असल्याने बनावट मालकाची बरीच छाननी होते. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा, चावी कुरियरने येईल’ असे सांगणारा त्या टप्प्यापर्यंत येतच नाही.

मुंबई-पुण्यात हेवी डिपॉझिटचा प्रकार जास्त महाग पडतो. दलाल मालकाकडून फ्लॅट महिना भाड्याने घेतो आणि राहणाऱ्याकडून एकरकमी पाच-दहा लाख घेऊन ‘भाडे नाही’ म्हणतो. मालकाला काही महिने भाडे पोचते, मग थांबते, आणि मालक दारात येतो तेव्हा दोघांनाही एकमेकांचा करार पहिल्यांदा दिसतो. चालू वीजबिल, मालमत्ताकराची पावती व सूची दोन यांवरचे नाव जुळवावे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मालकाचा फोन घ्यावा आणि डिपॉझिट दलालाच्या नव्हे, त्या नावाच्या खात्यात भरावे.