आमवातातील आहार आणि मानसिक आरोग्य

आमवात, दवाखान्यातल्या बोलीत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस किंवा नुसते ‘आरए’, हा सांध्यांचा दीर्घकाळ चालणारा दाहक आजार आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांचे सांधे, मनगटे, तळपाय दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. जगभरात साधारण अर्धा ते एक टक्का प्रौढांना तो होतो. बायकांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत हा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. वयोमानाने गुडघे झिजतात तो आजार वेगळा आणि युरिक ॲसिड साठून पायाचा अंगठा सुजतो तो गाऊट वेगळा. मुंबईतल्या घराघरांत मात्र हे तिन्ही ‘सांधेदुखी’ म्हणूनच ओळखले जातात आणि एकाचे पथ्य दुसऱ्याच्या गळ्यात पडते. खाण्याचा या आजारावर होणारा थेट परिणाम माफक आहे. खाण्यावरून मनाला होणारा जाच मात्र बऱ्याचदा त्याहून मोठा असतो.

जुनी समजूत

आहाराशी या आजाराची सांगड आजची नाही. साधारण सातव्या शतकातल्या माधवनिदान या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. विरुद्ध आहार, मंद अग्नी, बैठेपणा, तूपतेलाचे जेवण करून लगेच व्यायाम ही कारणे तिथे दिली आहेत. पुढच्या ग्रंथांनी आमवाताला शरीराच्या रानात फिरणारा हत्ती आणि एरंडेलाला त्याला मारणारा सिंह म्हटले. आजही सुंठीच्या काढ्यात एरंडेल घेणारी मंडळी वरळीपासून विरारपर्यंत भेटतात. पाश्चात्त्य वैद्यकात आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये आजाराला आजचे इंग्रजी नाव दिले. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिझोन हे स्टेरॉइड वापरले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. त्याच औषधाने काहींचे मन भलतेच उल्हसित किंवा सैरभैर होते, हेही तेव्हाच दिसले.

मनाची बाजू

२०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तीव्र नैराश्याचे निदान सुमारे १७ टक्के रुग्णांत आढळले. प्रश्नावलीवर मोजले तेव्हा तो आकडा ३९ टक्क्यांच्या घरात गेला. एवढ्या तफावतीचे एक कारण साधे आहे. थकवा, मोडलेली झोप, भूक मंदावणे हे प्रश्न नैराश्याच्या प्रश्नावलीत असतात आणि आमवाताची लक्षणेही नेमकी हीच. कमीत कमी धरले तरी दर सहा रुग्णांमागे एक, आणि ओपीडीत त्याची विचारपूस क्वचितच होते.

‘एवढं दुखतं म्हणजे मन खचणारच’ हे खरे असले तरी तेवढ्यावर भागत नाही. सांध्यांत दाह पेटवणारी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही रसायने मेंदूपर्यंत पोचतात आणि ताप आल्यावर येते तसली मरगळ आणतात. जर्मनीतल्या एका गटाने २०११ मध्ये दाखवले, की टीएनएफ अडवणारे औषध दिल्यावर मेंदूतली वेदनेची खळबळ चोवीस तासांत शमते. सांध्यांची सूज तेव्हा उतरलेलीही नसते.

उलट बाजूनेही हा धागा आहे. आजाराची तीव्रता मोजायला डॉक्टर २८ सांधे चाचपतात, रक्ताची तपासणी पाहतात आणि ‘एकंदर कसं वाटतंय’ याला रुग्णालाच गुण द्यायला सांगतात. मन खचलेले असेल तर हा शेवटचा गुण वाढतो, दुखऱ्या सांध्यांची संख्या वाढते आणि सूज नसतानाही आजार बळावल्याचे कागदावर दिसते. मग दुखण्याचे औषध वाढते, मनाचे तसेच राहते.

अन्नाने किती फरक पडतो

नॉर्वेतला १९९१ चा प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. रुग्णांना आठवडा-दहा दिवस जवळजवळ उपाशी ठेवून नंतर वर्षभर शाकाहारावर ठेवले. दुखणे आणि सूज कमी झाली आणि बऱ्याच जणांत तो फरक टिकला. नुसत्या उपासाचा गुण मात्र पुन्हा नेहमीचे जेवण सुरू केले की ओसरतो, हे इतर अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडच्या उपासांचा तर इथे संबंधच नाही. एकादशी नि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड आणि दाण्याची आमटी यांना प्रयोगशाळेतला उपास कोणी म्हणणार नाही. वर रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी पडली की पित्त उसळते ते निराळेच.

माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ या स्निग्ध घटकाचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे. रोज सुमारे ३ ग्रॅम, निदान तीन महिने घेतल्यास सकाळचे आखडलेपण आणि वेदनाशामकांची गरज काहीशी कमी होते. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञ संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत भाज्या, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल असलेला भूमध्य सागरी आहार सौम्य शब्दांत सुचवला. युरोपीय संघटना त्याहून सावध आहे: समतोल खा, वजन आटोक्यात ठेवा, पण आहाराने सांध्यांत मोठा फरक पडेल अशी आशा धरू नका. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये नैराश्याच्या ६७ रुग्णांवर अशाच आहाराचा प्रयोग झाला. बारा आठवड्यांनी आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले, तर नुसत्या गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. ते रुग्ण आमवाताचे नव्हते, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा उचलता येत नाही. पण आमवातात हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो, तेव्हा असे जेवण कोणत्याही हिशेबाने वाया जात नाही.

मुंबईचे ताट

भूमध्य सागराकडे न जाताही या शहरात त्या तोडीचे जेवण जुळते. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ मध्ये पापलेटपेक्षा सरस आहेत; पाहुण्यांसमोर मान पापलेटलाच, हा भाग वेगळा. आठवड्यातून दोनदा बांगडा खाऊन औषधी मात्रा गाठली जात नाही, पण पाया चांगला बसतो. १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते आणि पाठोपाठ श्रावण येतो. बंदीच्या दिवसांत सुकट-बोंबलावर भागवले जाते. त्यातले मीठ स्टेरॉइड घेणाऱ्याला आणि रक्तदाबवाल्याला बाधते. शाकाहाऱ्यांसाठी जवसाची चटणी आहे. तिच्यातले ओमेगा-३ शरीराला थोडेच वापरता येते, तरी चटणी सोडण्याचे कारण नाही. दुधातल्या हळदीने कुणाचे बिघडत नाही. हळदीच्या अर्काच्या जोरकस गोळ्यांनी मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचे नेहमीचे औषध घेणाऱ्यांचे यकृत आधीच देखरेखीखाली असते.

गोंधळ होतो तो सोडण्याच्या यादीत. ‘वातूळ’ म्हणून वाल, पावटे, हरभरा, वाटाणा, बटाटा जातात. आंबट म्हणून दही, ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू जातात. गाऊटच्या पथ्यातून डाळी आणि पालक जातात. उरते काय? भात आणि दुधी. या आजारात स्नायू आधीच झडतात, त्यात प्रथिने बंद. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, त्यात दही बंद. शाकाहारी माणसात बी-१२ अनेकदा कमीच असते. ते आणखी घटले की थकवा, विसरभोळेपणा, उदासी, हातापायांना मुंग्या येतात आणि सगळ्याचे खापर ‘वाता’वर फुटते. एखादा पदार्थ खरोखर बाधतो अशी शंका असेल तर तो दोन-तीन आठवडे बंद करून पुन्हा खाऊन पाहावा. दुखणे पुन्हा उसळले तर सोडावा, नाही तर ताटात परत घ्यावा.

हात, ओटा आणि अपराधीपणा

आहाराचे सल्ले स्वयंपाक दुसरे कोणी करणार आहे असे धरून दिलेले असतात. इथे बहुतेक रुग्ण बायका, आणि ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या त्याच. पाव कमी करून ज्वारी-नाचणीची भाकरी खा, हा सल्ला बिनचूक आहे. पण भाकरी थापायला पंजा सरळ पसरावा लागतो, कणीक मळताना सारा भार मनगटावर येतो, कुकरचे झाकण फिरवायला अंगठ्यात जोर लागतो, भरले पातेले सांडशीने उचलताना बोटांच्या मुळाशी कळ येते. नारळ खवणे तर विसरायचेच. शिवाय आखडलेपण असते ते भल्या पहाटे, आणि चाळीत पाणी येण्याची, डबा भरण्याची, ८:१२ ची लोकल गाठण्याची वेळही तीच. सकाळी अकराला हात मोकळे होतात तेव्हा घर रिकामे असते.

या शहराकडे त्यावर उपायही आहे. नाक्यानाक्यावर पोळीभाजी केंद्रे आहेत, स्टेशनाबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळते. अडचण असते ती ‘घरात बाई असताना पोळ्या विकतच्या?’ या वाक्याची. दुखणे वाढले की दुसरे वाक्य तयार: ‘परवा हळदीकुंकवाला भेळ खाल्लीस ना, म्हणून.’ आमवाताला स्वतःची भरती-ओहोटी असते. पुष्कळदा कारण नसताना तो उसळतो. पण कालच्या जेवणात कारण शोधायची सवय लागली की प्रत्येक घास संशयाचा होतो, लग्नाकार्याला जाणे टळते, परतीच्या लेडीज डब्यात गप्पा मारत मटार सोलणाऱ्या मैत्रिणींपासूनही माणूस दूर होतो. औषधांनी आजार आटोक्यात आलेल्या कितीतरी बायका हे पथ्य आणि त्यातला अपराधीपणा वर्षानुवर्षे ओढत राहतात.

औषधे आणि भूक

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास तोंड सोलवटते आणि रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ होते. कामावरची रजा वाचावी म्हणून अनेक जण ते शनिवारी रात्री घेतात आणि मग रविवारच्या मटणाचा वास सोसवत नाही. वार बदलणे किंवा फॉलिक ॲसिड वेळेवर घेणे उपयोगी पडते. दारू या औषधाबरोबर टाळावी. स्टेरॉइडने भूक खवळते, झोप उडते, साखर चढते, चिडचिड वाढते. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे घातक असते. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींतली ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ चूर्णे झटकन गुण देतात तेव्हा त्यांत छुपे स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. नैराश्यावरच्या काही गोळ्या वेदनाशामकांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात.

मदत

केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या आणि सरकारी जे. जे. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत, पण सांध्यांची आणि मनाची ओपीडी वेगवेगळी असल्याने रुग्णाला स्वतःहून बोलावे लागते. ‘झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही’ एवढे सांगितले तरी पुरते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवाही फोनवर मिळते. हातापायांत कायमचे व्यंग आले असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.