वेरूळला फोटो काढताना रॉ की जेपेग?

वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात भर दुपारी कॅमेरा वर धरला, की एकाच फोटोत वर लख्ख आकाश आणि खाली काळ्या बसाल्टच्या कोनाड्यातली गडद सावली येते. अशा उजेडात फाइल रॉ असावी, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती ठेवणारी. एरवी जेपेगला, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून आवळलेल्या फोटोला, कमी लेखायचं कारण नाही.

जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या गडद ते उजळ अशा प्रत्येकी २५६च पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. कोनाड्यातली मूर्ती दिसावी म्हणून नंतर सावली दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजळली, तर जेपेगमध्ये तिथल्या मोजक्या पायऱ्या ताणल्या जातात. शिवाय जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देतं. मग छिन्नीच्या खुणांच्या जागी गुळगुळीत डाग आणि चौकोन दिसू लागतात. रॉमध्ये थोडे दाणे येतात, पण दगड दगडच राहतो.

मात्र पांढरं फटक झालेलं आकाश रॉमधूनही परत येत नाही. म्हणून हायलाइट वॉर्निंग (फार उजळ झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सूचना) चालू ठेवा आणि आकाश लुकलुकलं तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. दुपार कलल्यावर ऊन समोरून पडतं आणि काम सोपं होतं.

अजिंठ्याला अडचण रंगाची. फ्लॅशला बंदी, आत मंद उजेड. पद्मपाणीच्या चित्रावर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळवणी) चुकला तर जेपेगमध्ये तो फाइलीत मुरतो, नंतर सुधारताना रंग फाटतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, ती हवी तेव्हा बदलता येते.

जायकवाडीवर उडणारे पक्षी सलग टिपायचे असतील तर सर्वोच्च दर्जाचं जेपेग घ्या. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५-३० एमबीची असते. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, लवकर भरतो आणि नेमका थवा वळताना कॅमेरा अडतो. लग्नाचे फोटो त्याच दिवशी द्यायचे असतील तर रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवा, कार्ड तेवढं मोठं घ्या.

जेपेग एडिट करून पुन्हा पुन्हा सेव्ह केलं तर दर वेळी थोडा तपशील जातो. मूळ फाइल तशीच ठेवून कॉपीवर काम करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिथे फोटो आणखी आवळला जातो.