मॉडेलवरून इंटरफेसनिर्मिती

वापरकर्त्याला कोणते काम, कोणत्या क्रमाने आणि कोणती माहिती भरून करायचे आहे, एवढे वर्णन (मॉडेल) देऊन त्यावरून स्क्रीन, बटणे व याद्या, म्हणजे इंटरफेस, संगणकाकडून तयार करून घेण्याची पद्धत. यात स्क्रीन रचण्याचे कष्ट वाचतात. कामाचा विचार मात्र आधी आणि जास्त करावा लागतो.

२००३ साली मांडलेल्या 'कॅमेलिऑन' आराखड्यात चार थर आहेत: कामे व संकल्पना, अमूर्त इंटरफेस, मूर्त इंटरफेस आणि प्रत्यक्ष चालणारा इंटरफेस. पहिल्या थरासाठी इटलीतील फाबिओ पातेर्नो यांची 'कॉन्करटास्कट्रीज' ही वृक्षरूप मांडणी रूढ आहे.

सोयाबीन नुकसानीच्या पाहणीचा मोबाइल अर्ज घ्या. मूळ काम 'नुकसान नोंदवणे'. त्याखाली जिल्हा, तालुका व गाव निवडणे, गट क्रमांक भरणे, बाधित क्षेत्र भरणे, फोटो काढणे. गाव ठरल्याशिवाय गट क्रमांक भरता येत नाही, पण क्षेत्र आधी की फोटो आधी, याला बंधन नाही. हे संबंध चिन्हांनी दाखवतात. अमूर्त थरात तालुका म्हणजे नुसती 'अनेकांतून एक निवड'. तिचे रूप पुढच्या थरातले नियम ठरवतात. मराठवाड्यातले ८ जिल्हे एका स्क्रीनवर मावतात, ७६ तालुके मावत नाहीत. म्हणून आधी जिल्हा, मग त्याच जिल्ह्यातले तालुके. वॉशिंग्टन विद्यापीठातील 'सपल' प्रणालीने (२००४) ठरीव नियमांऐवजी प्रत्येक मांडणीला वापराच्या श्रमांची किंमत लावून सर्वांत स्वस्त मांडणी शोधली.

खरी फसगत क्षेत्राच्या रकान्यात होते. मॉडेलमध्ये 'दशांश संख्या' लिहिले की एकच चौकट येते. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १ हेक्टर ५ आर भरताना १.५ टाकले, की नोंद १ हेक्टर ५० आरची झाली. संख्या वैध असल्यामुळे सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. इथे हेक्टर व आर असे दोन पूर्णांक घ्यावेत आणि आरला ० ते ९९ ची मर्यादा घालावी. लेबलांचेही तसेच: 'बीड'च्या मापाने आखलेल्या बटणावर 'छत्रपती संभाजीनगर' अर्धवट कापले जाते.

साध्या सर्वेक्षणासाठी 'ओडीके' या मोबाइलवर माहिती गोळा करण्याच्या साधनाचा एक्सेल-अर्ज पुरतो: एका पानावर प्रश्नाचा प्रकार, नाव, लेबल व अट, दुसऱ्यावर पर्याय. मात्र कुठलेही साधन वापरा, तयार झालेल्या कोडमध्ये हाताने केलेली डागडुजी पुढच्या निर्मितीत पुसली जाते. म्हणून बदल मॉडेलमध्ये किंवा नियमांत करावा. निव्वळ रंगरूपाचा असेल तर वेगळ्या शैली-फाइलमध्ये ठेवावा.