अमेरिकी संसदेतले मवाळ गेले कुठे?

अमेरिकी संसदेत कोण किती जहाल नि कोण किती मवाळ, हे मोजायची एक गणिती पद्धत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल या राज्यशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात तयार केली. तिचं नाव नॉमिनेट. विधेयकात काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. कोण कोणाबरोबर मतदान करतो, एवढंच ती पाहते. नेहमी एका बाजूने मत देणारे जवळ, कधीच न देणारे दूर. असं करत प्रत्येकाला उणे एक ते अधिक एकच्या पट्टीवर जागा मिळते.

1970च्या सुमारास या पट्टीच्या मधल्या भागात दोन्ही पक्षांचे ठिपके मिसळलेले दिसतात. आज तिथे शुकशुकाट आहे.

पूर्वीची माणसं जास्त समजूतदार होती म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. पक्षच आतून सरमिसळ होते. 1964चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये 73 विरुद्ध 27 मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या 27 पैकी 21 डेमोक्रॅट, बहुतेक दक्षिणेतले. पाठिंब्यात 27 रिपब्लिकन. (त्याआधी कित्येक दशकं दोन्ही पक्षांचं जे गोडीगुलाबीने चाललं, त्याची किंमत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी मोजली, हेही खरं.) पुढे दक्षिणेतले परंपरावादी हळूहळू रिपब्लिकन झाले, ईशान्येतले उदारमतवादी डेमोक्रॅट. चाळणी लागली.

उरलेलं काम प्रायमरीने, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीने केलं. बहुतेक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले असल्याने खरी लढत पक्षांतर्गत उमेदवारीची, आणि तिथे मतदानाला येतात मुख्यतः कट्टर समर्थक. जानेवारी 2021मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधिगृहातल्या 10 रिपब्लिकनांनी मत दिलं. पुढच्या निवडणुकीत चौघे उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत हरले. परत आले दोघे: कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हॅलाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. दोन्हीकडे प्रायमरी सामाईक असते. पक्ष कोणताही असो, पहिले दोघे पुढे जातात. अर्थात नियम बदलला की सगळं सुटतं असं नाही: त्या दहांपैकीच वॉशिंग्टनच्या जेमी हेरेरा ब्यूटलर याच पद्धतीत हरल्या.

अलास्काने 2020मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे चौघे पुढे जातात आणि मतदार पसंतीक्रम देतात. सिनेटमध्ये ट्रम्प दोषी असल्याचं मत देणाऱ्या रिपब्लिकन लिसा मुर्कोव्स्की 2022मध्ये याच पद्धतीने पुन्हा निवडून आल्या. 2024मध्ये ही पद्धत रद्द करायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. तो पडला, पण हजारापेक्षाही कमी मतांनी.