नाव राहू दे, आटे बघा

खालच्या नळीवर 'कोल्नागो', पुढच्या नळीवर किलवरचा एक्का, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतोय की सायकल सत्तरच्या दशकातली, अस्सल इटालियन. एक्क्यामुळे काळाचा एक धागा मिळतो खरा. मिकेले दान्चेल्लीने १९७० साली कोल्नागोच्या सायकलवर मिलान–सान रेमो शर्यत जिंकली, त्यानंतर हे चिन्ह आलं. पण स्टिकर आजही हुबेहूब छापून मिळतात. म्हणून जाणकार नाव शेवटी वाचतो आणि आधी सायकल उलटी करतो.

पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्या एक्सलवर बसतात तो ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो, ती बीबी (बॉटम ब्रॅकेट) मोजायची. इटालियन बीबी ७० मिलिमीटर रुंद, ब्रिटिश ६८. इटालियन आट्यांचा व्यास ३६ मिलिमीटर, ब्रिटिश आट्यांचा ३४.८ च्या आसपास. खरी गंमत मात्र आट्यांच्या दिशेत आहे. एक्सलचे छरे ज्या वाट्यांत फिरतात त्या दोन्ही बाजूंनी आट्यांवर बसवतात; ब्रिटिश पद्धतीत उजव्या वाटीचे आटे उलटे असतात. इटालियनमध्ये दोन्ही बाजूंचे सुलटे.

उलटे कशाला? पेन्सिल सैल मुठीत धरा आणि तिचं वरचं टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल फिरवा. पेन्सिल मुठीच्या आतल्या कडेवरून घरंगळत स्वतःभोवती उलटी फिरते. बीबीतही तेच होतं. उजवीकडून पाहिलं तर एक्सल काट्यांच्या दिशेने फिरतो, छऱ्यांबरोबर दाबाची जागाही तशीच सरकते, आणि आट्यांमध्ये केसाएवढी फट असली तरी वाटी तिच्या उलट दिशेने इंच-इंच नव्हे, कणाकणाने वळत राहते. सुलटे आटे त्यामुळे सैल होतात, उलटे आवळले जातात. डाव्या पायडलचे आटे उलटे असण्यामागेही हेच कारण आहे, आणि ते आपल्या प्रत्येक सायकलवाल्याला हाताने ठाऊक असतं. इटालियन लोकांनी ही सोय नाकारली. त्यांची उजवी वाटी नुसत्या जोरावर आवळून ठेवावी लागते. सुंदर सायकलीतला हा हट्टी दोष तिच्या ओळखीला मात्र फार उपयोगी पडतो. एक खबरदारी: आटे झिजलेली ब्रिटिश बीबी पुन्हा कापून तिला मोठे इटालियन आटे पाडता येतात. तिची रुंदी मात्र ६८ च राहते.

मग नळ्या. मिलानच्या कोलंबस कंपनीच्या 'एसएल' नळीची जाडी टोकांना ०.९ आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर. सांध्यापाशी वाकवणारा ताण जास्त आणि पितळी जोडकामाची धगही तिथेच, म्हणून टोकं जाड. मधलं पोलाद नुसतं वजन वाढवतं. सीटची नळी मात्र खालच्या टोकालाच जाड, वर पातळ; तिचा बाहेरचा व्यास २८.६. त्यातून ०.६ दोनदा वजा केले की २७.४ उरतात, म्हणून एसएलच्या चौकटीत साधारण २७.२ चा सीटचा दांडा बसतो. आकडा बहुतेक दांड्यांवर कोरलेला असतो. जाड 'एसपी' नळी असेल तर तो त्याहून लहान. पुढच्या चाकाचा चिमटा बाहेर काढता आला तर त्याच्या उभ्या नळीत आतून, खालच्या टोकाला पिळदार कंगोरे दिसतात. तिथे कुणी स्टिकर लावत नाही!

साल कळायला कँपान्योलो या इटालियन कंपनीचे सुटे भाग बरे. तिच्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) 'पेटंट' शब्दापुढे सालाचे दोन आकडे असतात. क्रँकच्या मागे चौकोनी हिऱ्यात अंक असेल तर सत्तरचं दशक, वर्तुळात असेल तर ऐंशीचं. भाग बदललेलेही असतात, त्यामुळे एकावर विसंबू नये.

किंमत ठरवताना मी रंगापेक्षा सरळपणा आधी बघेन. मागचं चाक चौकटीत जिथे बसतं त्या एका खाचेपासून दोरी निघून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं पाहिजे. पुढच्या नळीमागे, वरच्या-खालच्या नळ्यांच्या पोटाला बोट फिरवून लाट लागते का तेही पाहावं. लाट म्हणजे समोरून बसलेली धडक. मूळ रंग खरचटलेला असला तरी संग्राहकाला तो नव्या चकचकीत रंगापेक्षा प्रिय असतो. तस्कनीत १९९७ पासून जुन्या सायकलींची 'लेरोइका' ही फेरी भरते, तिच्यामुळे १९८७ पूर्वीच्या, चालवता येण्याजोग्या सायकलींना गिऱ्हाईक वाढलं.

आणि पैसे मोजण्याआधी सीटचा दांडा फिरवून बघा. अल्युमिनिअम आणि पोलाद ओलाव्यात एकत्र राहिले की अल्युमिनिअम गंजून फुगतं आणि दांडा आत जाम बसतो. अडकलाच तर सरसकट तापवू नका; अल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे दांडा आणखी घट्ट होईल. त्याला बर्फ लावा.