फाटकाबाहेरचे घर आणि फाटकातली यादी : पार्श्वभूमी

परदेशातल्या लष्करी तळाजवळ एक मिशनरी जोडपे भाड्याने घर घेते. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्या घराचे दार उघडे असते. आधी जेवण होते आणि ताटे उचलली की त्याच टेबलावर बायबल उघडले जाते. लष्कर या जोडप्याला पगार देत नाही. मायदेशातल्या मंडळ्या, म्हणजे चर्च, दरमहा वर्गणी पाठवतात, त्यावर घर चालते. या कामाची ओळख आज ‘लष्करी कुटुंबांसाठी पाहुणचाराची सेवा’ अशी करून दिली जाते. पण सुरुवातीला पाहुण्यांत कुटुंब नव्हतेच. कुटुंब असायचे ते यजमानांचे, पाहुणा म्हणून यायचा तो एकटा शिपाई. त्याची बायको-मुले या टेबलावर कशी आली, हे समजायला एका यादीचा माग काढावा लागतो : कोणाच्या बायकोला सोबत यायची परवानगी आहे, याची यादी.

बायबलच्या नव्या करारातला पाहुणचारासाठीचा ग्रीक शब्द ‘फिलोक्सेनिया’ म्हणजे परक्यावरचे प्रेम. रोमकरांस १२:१३ आणि इब्री लोकांस १३:२ ही वचने मंडळीतल्या वाचकांना पाठ असतात, त्यामुळे त्यात शिरत नाही. लष्करी छावणीशी हा शब्द जोडला गेला तो १९व्या शतकात. १८६३ मध्ये इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉट छावणीशेजारी एका लष्करी अधिकाऱ्याच्या विधवेने शिपायांसाठी ‘घर’ उघडले. १८६९ मध्ये आयर्लंडमधल्या ट्रॅली गावात एका तरुण मुलीने शिपायांना घरी बोलवायला सुरुवात केली आणि पुढे ते काम हिंदुस्थानातल्या छावण्यांपर्यंत पोचले. चहा, वर्तमानपत्रे, घरी पत्र लिहायला कागद, संध्याकाळी प्रार्थना. दारू नाही. छावणीबाहेर दारूचा गुत्ता आणि कुंटणखाना यांखेरीज शिपायाला बसायला जागा नव्हती, हे लक्षात घेतले तर या साध्या गोष्टींचे मोल कळते.

नाशिकजवळचे देवळाली आज तोफखान्यासाठी ओळखले जाते. तेव्हा मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथे जहाजाची वाट पाहत पडून असत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने काम नाही, घर नाही. वेड लागणे या अर्थी इंग्रजी बोलीत ‘डुलाली टॅप’ म्हणतात, त्यातला पहिला शब्द देवळालीचा आणि दुसरा आपला ‘ताप’. पाहुणचाराची सेवा कोणत्या दुखण्यावर उभी राहिली, ते या दोन शब्दांत दिसते.

आता ती यादी. व्हिक्टोरियाच्या काळात ब्रिटिश शिपायाला लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे. परवानगीने झालेल्या लग्नाची बायको ‘पटावरची’, बाकीच्या पटाबाहेरच्या. पलटण परदेशी निघाली की साधारण शंभर शिपायांमागे ६ बायकांना सोबत जाता येई, हिंदुस्थानसाठी १२. कोण जाणार आणि कोण राहणार हे चिठ्ठ्या टाकून ठरे. ‘जायचे नाही’ अशी चिठ्ठी निघाली, की ती बाई मुलांसह बंदरावर मागे राही आणि नवरा कित्येक वर्षांसाठी दिसेनासा होई. पटाबाहेरच्या बाईला तर चिठ्ठी उचलण्याचाही हक्क नव्हता.

चिठ्ठ्या गेल्या. यादी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्य जर्मनीत ठाण मांडून बसले आणि एप्रिल १९४६ मध्ये कुटुंबांना घेऊन पहिले जहाज ब्रेमरहाफेन बंदराला लागले. त्याच वर्षी ब्रिटिश कुटुंबेही जर्मनीत आली. शांततेच्या काळात परक्या देशात लाखोंनी सैन्य ठेवायचे आणि त्याबरोबर शाळा, दवाखाने, दुकाने यांसह संसार वसवायचे, हा प्रयोग या प्रमाणावर नवा होता. कॅलिफोर्नियात १९३३ पासून खलाशांना घरी बोलावून बायबलचा अभ्यास घेणारे एक काम सुरू होते. १९५४ मध्ये परदेशी तळांजवळ अशी घरे चालवणारी एक अमेरिकी संस्था उभी राहिली. या घरांतले पाहुणे मात्र सक्तीच्या भरतीतले बिनलग्नाचे जवानच होते. ज्यांचे कुटुंब आले होते, ते अधिकारी आणि जुने हवालदार छावणीतल्या चॅपलमध्ये, म्हणजे लष्कराच्या प्रार्थनागृहात, जात. त्यांना फाटकाबाहेर यायची गरज पडत नव्हती.

१९७३ मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती थांबली आणि चित्र पालटले. पगारी सैन्यात राहायला येणारा तरुण लग्न करून येऊ लागला, किंवा आल्यावर वर्षभरात लग्न करू लागला. नियम मागच्या काळातलेच होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कनिष्ठ शिपायाला कुटुंब सरकारी खर्चाने परदेशी नेण्याचा हक्क नव्हता. तरी बायका आल्याच, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. त्यातच डॉलर कोसळला : १९६९ पर्यंत एका डॉलरला ४ मार्क मिळत, १९७८ मध्ये २ सुद्धा मिळेनात. तळावर क्वार्टर नाही म्हणून ही जोडपी जर्मन गावांत वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने घेऊन राहत. याला त्यांच्या बोलीत ‘इकॉनॉमीवर राहणे’ म्हणतात. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, कडेवर मूल, भाषा येत नाही, गाडी नाही आणि नवरा महिनाभर सरावाला गेलेला. पाहुणचाराच्या घरात पहिल्यांदा दाराशी उभी राहिलेली लष्करी बायको ही होती.

इथे ज्या शब्दाने सगळा गुंता केला, त्याकडे वळायला हवे. १९५१च्या नाटो करारात, म्हणजे यजमान देशातल्या परक्या सैन्याचा दर्जा ठरवणाऱ्या ‘सोफा’ करारात, ‘डिपेंडंट’ या शब्दाची व्याख्या आहे : सैनिकाचा जोडीदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेले मूल. १९८०च्या दशकात लष्कराने ‘फॅमिली मेंबर’ म्हणायला सुरुवात केली, शब्द सौम्य झाला. पण त्याच्या आत आणखी एक गाळणी आहे, ‘कमांड स्पॉन्सर्ड’. बदलीच्या हुकमात नाव असेल तर तिकीट, घरभाडे, महागाई भत्ता आणि मुलांना शाळेत जागा. नाव नसेल तर शाळा आणि दवाखाना जागा उरली तरच. आपल्याकडच्या जवानांच्या घरांत ‘पीस’ (कुटुंब नेता येते अशी नेमणूक) आणि ‘फील्ड’ (नेता येत नाही अशी) हे शब्द संसार ठरवतात. साताऱ्या-कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की इथे एकाच तळावरच्या दोन जावांसारख्या बायका, एक हुकमातली आणि दुसरी हुकमाबाहेरची.

दक्षिण कोरियात हे सर्वांत टोकाला गेले. उत्तरेकडच्या कॅम्प केसीसारख्या अमेरिकी तळांवर वर्षभराची, कुटुंबाविना तैनाती हाच नियम होता. तरीही तळाबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या बायका होत्या. २००८च्या अखेरीस तीन वर्षांची सहकुटुंब तैनाती मंजूर झाली, पण खर्चापायी ती योजना पूर्णपणे उतरली नाही.

या गाळणीमुळे पाहुणचाराच्या कामात एक वाद कायम धुमसत राहिला : घर फाटकाच्या आत असावे की बाहेर? आत असावे म्हणणाऱ्यांचे मुद्दे खरे आहेत. चॅपलचा हॉल फुकट मिळतो, मुले सांभाळायची सोय असते, गाडी नसलेली बाई पायी येऊ शकते आणि चॅप्लिनचा, म्हणजे लष्करी पाद्र्याचा, पाठिंबा राहतो. शिवाय बाहेरच्या मिशनरी जोडप्याला सोफाचा दर्जा आपोआप मिळत नाही. जर्मनीसाठीच्या १९५९च्या पूरक करारात काही बिगरव्यापारी संस्थांना सवलती आहेत, पण त्या यादीत नसलेल्यांना जर्मन निवासपरवाना काढावा लागतो आणि तळावरच्या दुकानाऐवजी गावातल्या दुकानातून गावच्या भावाने पन्नास माणसांचे सामान आणावे लागते.

पण आत गेले की परवानगी आली. कोणाला शिकवायचे, काय शिकवायचे, सभागृह कधी मिळेल हे ठरवणारे कार्यालय आले. चॅप्लिनला सर्व धर्मांच्या आणि पंथांच्या जवानांची सोय पाहायची असते, तो एका गटाला झुकते माप देऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. मुख्य म्हणजे आत हुद्दा आला. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या पोपरिंगला शिपायांसाठी उघडलेल्या घरात पाद्र्यांच्या खोलीच्या दारावर पाटी होती : हुद्दा बाहेर ठेवून या. कर्नलची बायको आणि पहिल्या पगारावरच्या शिपायाची बायको शेजारी बसून कांदे चिरतात, ते ज्या घरात हुद्द्याची पाटी कोणाच्या दारावर नाही अशाच घरात. फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते. स्वयंपाकघराच्या दारात कोणी मागत नाही. म्हणून या लेखकाचा कौल बाहेरच्या घराला आहे.

२००१ नंतर हा वाद पुस्तकी राहिला नाही. फाटकांवर तपासणी कडक झाली आणि जानेवारी २००३ पासून अमेरिकी तळांच्या दारांवर जर्मन सैनिक पहाऱ्याला उभे राहिले. मग इराक. जर्मनीतून गेलेल्या चिलखती डिव्हिजनचे वर्ष भरत आले असताना एप्रिल २००४ मध्ये तिचा मुक्काम आणखी तीन महिने वाढवण्यात आला. काही जवान परतीच्या वाटेवरून माघारी गेले. २००७ मध्ये थलसेनेची तैनाती सरसकट १५ महिन्यांची झाली. बाउमहोल्डरसारख्या तळाच्या जर्मन गावात त्या काळात शुक्रवारच्या जेवणाला बहुतेक बायका आणि मुलेच असत. लांडश्टुलच्या लष्करी रुग्णालयात जखमी जवान अंगावरच्या चादरीनिशी येत. तिथे चॅप्लिनच्या ताब्यातल्या कपाटातून स्वयंसेवक त्यांना पायजमा, टीशर्ट, दाढीचे सामान देत. नव्या करारातला तो ग्रीक शब्द इथे एका सुती पायजम्याच्या मापाला आला होता.

दरम्यान संख्या घटतच होती. १९९०च्या सुमारास युरोपात अमेरिकी थलसेनेचे दोन लाखांवर सैनिक होते, २०१५ पर्यंत ते सुमारे तीस हजारांवर आले. हायडेलबर्गचा तळ २०१३ मध्ये बंद झाला. २०२० पर्यंत ब्रिटिश सैन्याचा मोठा भागही जर्मनीतून परतला.

आणि २०१५ पासून कोरियात, २०१७ पासून पोलंडमध्ये, अमेरिकी ब्रिगेड नऊ-नऊ महिन्यांच्या पाळीने येते आणि जाते. या तैनातीत कुटुंब आणायचेच नसते. बायको-मुले टेक्सास किंवा कॅन्सासला असतात, आणि पाहुणचाराच्या टेबलाशी पुन्हा एकटा जवान येऊन बसतो. जेवण झाले की फोन उभा करून तो घरच्यांना टेबल दाखवतो. पोलंडमधून फोन लावला तर तिकडे तेव्हा दुपार असते.